उलटा शिक्का

३ मार्च, रेइवा ७
दस्तऐवज विभाग, नागिउरा नगरपालिका

मिकुरियासान,

बर्फ अजून वितळलेलं नाही, तुमची तब्येत ठणठणीत असणार आणि माझी आहेच. पत्राच्या सुरुवातीला जे लिहायचं असतं ते लिहून झालं असं समजा. हवामान सांगायला वेधशाळा आहे, हे तुमचंच वाक्य.

तीन वर्षांनी मी पत्र लिहितेय म्हणजे काहीतरी काम असणार हे तुम्ही ओळखलं असेलच. काम आहे. पण आधी थोडी बढाई मारू द्या.

माझा प्रोग्राम सुरू झाला. तोच, ज्याला तुम्ही 'कुरोइवाचं खेळणं' म्हणायचात. आता सगळी नगरपालिका त्याला 'चाळणी' म्हणते. प्रत्येक खात्याने आपल्या खोक्यांवरच्या चिठ्ठ्यांवर जे लिहिलंय ते भरायचं, की चाळणी सांगते कुठलं खोकं ठेवायचं, कुठलं लगद्याला पाठवायचं. ठेवायचं असेल तर हिरवी चिठ्ठी छापून येते, जायचं असेल तर लाल. एक वर्ष, तीन, पाच, दहा, तीस की कायम, सगळे नियम तिला पाठ आहेत. तळघरातल्या पाच हजार खोक्यांपैकी बाराशे खोकी जायला निघाली आहेत. दक्षिणेकडच्या भिंतीला खिडकी आहे हे तुम्हाला ठाऊक होतं का? मला सव्वीस वर्षांत दिसली नव्हती.

सगळ्यात अवघड गेलं ते यंत्राला आपली वर्षं शिकवणं. त्याला म्हटलं, बाबा रे, आमच्याकडे सम्राट बदलला की वर्ष पुन्हा एकपासून सुरू. चिठ्ठीवर नुसता आकडा असेल तर ते आधीचं शोवा, नंतरचं हेइसेइ की आत्ताचं रेइवा हे त्याला कसं कळणार? मग मी एक नियम लिहिला आणि त्याचा मला फार अभिमान आहे. शोवा चौसष्टपर्यंत चाललं, हेइसेइ एकतिसाव्या वर्षी संपलं, रेइवाचं तर हे सातवंच. म्हणजे एकतीसच्या वरचा आकडा दिसला की तो शोवाच. एका ओळीत काम झालं! त्या एका ओळीने काय सापडलं माहितेय? बांधकाम खात्याची सत्याऐंशी खोकी, चिठ्ठीवर '४१ पर्यंत ठेवावे'. शोवा ४१! म्हणजे माझ्या जन्माच्या दहा वर्षं आधीच जायला हवी होती. तुमच्या नाकाखाली बसली होती इतकी वर्षं. यादी सोबत जोडली आहे, सवडीने बघा आणि हळहळा.

आता काम. माझ्याकडे तुमच्या खुर्चीचा सोपवणीचा कागद आहे. डाव्या चौकोनात माझा शिक्का आहे, उजवा चौकोन, म्हणजे तुमचा, तीन वर्षं कोरा. त्यामुळे मी तीन वर्षं 'तात्पुरती' प्रमुख आहे. उपमहापौर म्हणतात, एप्रिलच्या बदल्यांच्या आत कागद पुरा झाला नाही तर करखात्यातला कुणीतरी आणून बसवतील. कागद पाठवते आहे. फक्त शिक्का हवा.

त्या दिवशी बैठकीत मी जे बोलले ते तुमच्याबद्दल नव्हतं, पद्धतीबद्दल होतं.

तोमोए कुरोइवा


१४ मार्च

मिकुरियासान,

उत्तर नाही. ठीक आहे. टपाल खातं अजून आहे, एवढंच कळवते.

चाळणी घेऊन मी खात्याखात्यांतून फिरतेय. पाणीखात्याच्या ओनुकीसाननी आपल्या चारशे खोक्यांपुढे एकच शब्द भरला : कायम. मी गेले त्यांच्याकडे.

"ओनुकीसान, ही सहलीची खोकी. एकोणीस वर्षांपूर्वी तुमचं खातं गरम पाण्याच्या झऱ्याला गेलं होतं, त्याची. हीपण कायम?"

"उद्या कुणी विचारलं तर?"

"काय विचारेल? कोण जास्त प्यायलं?"

"तेच तर," म्हणाले, "त्यात माझं नाव नाही. पुरावा आहे माझ्याकडे."

तीन दिवस बसून मी त्यांना चारशेवरून एकशे नव्वदवर आणलं. प्रत्येक खोक्याला ते नातेवाइकाला निरोप दिल्यासारखी टाळाटाळ करत होते. आज पांढरा दिवस, फेब्रुवारीत बायकांनी दिलेल्या चॉकलेटची पुरुषांनी परतफेड करायचा, म्हणून त्यांनी बिस्किटांचा पुडा आणून दिला. मी म्हटलं, फेब्रुवारीत मी तुम्हाला चॉकलेट दिलंच नव्हतं. तर म्हणाले, "माझ्याकडे तशी नोंद नाही, पण नोंद नाही म्हणजे दिलं नाही असं होत नाही." असल्या माणसांना नियम लावायचे आहेत मला. तुम्ही अडतीस वर्षं कसं निभावलंत?

यादीवर पाचही अधिकाऱ्यांचे शिक्के पडले, तीही प्रत सोबत जोडतेय. कुणीही वाचली नाही. शिक्के मात्र रीतसर, प्रत्येक जण शेजारच्या, वरच्या अधिकाऱ्याच्या शिक्क्याकडे थोडा झुकलेला, अगदी कमरेत वाकून उभे राहिल्यासारखे. शिक्का वाकवून मारायचा हे मला तुम्हीच शिकवलंत. पहिल्या आठवड्यात मी सरळ मारला होता आणि तुम्ही म्हणालात, "कुरोइवा, हा शिक्का वरच्याच्या डोळ्यात डोळे घालून बघतोय."

गाडी सत्तावीसला येणार. बाराशे खोकी कागद कारखान्यात जातील आणि लगद्याच्या हौदात पडतील.

एक सांगायचं राहिलं होतं. तुमच्या निरोपाच्या जेवणाला तुम्ही आला नाहीत. तुमचं ताट मांडलेलं होतं, कच्च्या माशांचं, त्या हंगामातला पहिला मासा. ते कुणीतरी खाल्लं. वाया गेलं नाही, एवढंच कळवायचं होतं.

तोमोए


२६ मार्च

मिकुरियासान,

पार्सल मिळालं. घरी यासुएसानना सांगा, त्यांच्या हातचं मुळ्याचं लोणचं उत्तम आहे. मुळा अजून कुरकुरीत आहे.

बरणी कशात गुंडाळली होती तेही पाहिलं. माझ्या यादीत! तीन महिन्यांचं काम, पाच शिक्के, आणि तुम्ही त्यात लोणचं गुंडाळून पाठवलंत. त्यावर तुमचा शिक्का, तोही उलटा. उलटा शिक्का म्हणजे 'मला मान्य नाही' हे मला कळतं. बोलायचं नसलं की जुनी माणसं असा शिक्का मारतात. म्हणजे तीन वर्षं झाली तरी मी मान्य नाही. सोपवणीच्या कागदाचा पत्ताच नाही.

ठीक. मग मीही सांगते. ते बैठकीतलं पद्धतीबद्दल नव्हतं, तुमच्याबद्दलच होतं. "मिकुरियासानांच्या डोक्यात जे आहे ते मिकुरियासान सोडून कुणालाच वाचता येत नाही, म्हणून यंत्र हवं," असं मी म्हणाले आणि सगळे हसले. मला ते हसू आवडलं. एवढ्या वर्षांत माझ्या बोलण्यावर इतकी माणसं कधी हसली नव्हती. तुम्ही नाही हसलात. संध्याकाळी तुमची वही माझ्या टेबलावर ठेवून, कोट घालून निघून गेलात. ती वही तेव्हापासून माझ्या खालच्या खणात आहे. उघडलेली नाही. का उघडायची? त्यातलं सगळं चाळणीला येतं.

उद्या सकाळी साडेआठला गाडी निघेल. त्यानंतर तळघरात जागाच जागा.

तो. कुरोइवा


२८ मार्च

मिकुरियासान,

हे पत्र आधी पूर्ण वाचा आणि मगच लोणच्याची दुसरी बरणी पाठवायची का ते ठरवा.

काल साडेआठला गाडी गेली. खोकी हौदात पडेपर्यंत आपला एक माणूस डोळ्यांनी बघत उभा राहायला हवा, हा नियम तुम्हाला सांगायला नको. ओनुकीसाननी स्वतःहून हात वर केला. म्हणाले, "जाणाऱ्यांच्या शेवटच्या क्षणी कुणीतरी आपलं असावं." काळा टाय लावून ड्रायव्हरशेजारी बसले, शप्पथ.

साडेबाराला मी डबा उघडला. टेबलावर काहीतरी अंथरायचं म्हणून तुमचीच यादी घेतली. रागाने, हे उघड आहे. भातावर लोणच्याचा एक तुकडा ठेवला, दुसरा कागदावर पडला, आणि तो उचलताना पाहिलं की तुमचा शिक्का कागदावर कुठेतरी, कसाही मारलेला नाही. एका ओळीवर मारलाय. बरोबर ओळीच्या मध्यावर, पट्टी लावून मारावा तसा. बांधकाम ११-१ ते ११-८७. '४१ पर्यंत ठेवावे'.

मिकुरियासान, तो शिक्का मला नव्हता. त्या ओळीला होता.

मी खालचा खण उघडला. तुमची वही काढली. अकराचं पान. तुमचं ते मुंग्या चालल्यासारखं अक्षर, पण वाचता आलं, सगळं वाचता आलं :

"वर्ष हेइसेइ ११. बांधकाम, ८७ खोकी. सुगिदानीच्या दरडीनंतर अकरा घरांशी झालेला करार, भिंतीची मोजमापं, जमिनीच्या हद्दी. भिंत नगरपालिकेने तीस वर्षं सांभाळायची. ४१ पर्यंत ठेवावे. चिठ्ठ्या कुरोइवाने लिहिल्या. युगाचं नाव लिहिलेलं नाही. मी म्हटलं लिही, ती म्हणाली आता काय शोवा परत येणार आहे? पुढे कुणीतरी फसेल. बहुधा तीच."

मी डबा बाजूला सारला. हेइसेइ ४१! ते वर्ष कधी उजाडलंच नाही, पण तेव्हा ते आम्हाला कुठे ठाऊक होतं? आज मोजलं तर रेइवा ११, अजून चार वर्षं बाकी. आणि सुगिदानीची भिंत या हिवाळ्यात पोटाशी फुगली आहे, गेल्याच महिन्यात तिथले लोक बांधकाम खात्यात येऊन बसले होते. ते कागद गेले तर भिंत कुणाची याचा पुरावा गेला. अकरा घरं तिच्याखाली झोपतात.

घड्याळात एक वाजायला दहा मिनिटं. कारखाना पाच तासांवर. मी ओनुकीसानना फोन लावला. वाजतोय, वाजतोय, आणि मग मागे भांड्यांचा आवाज.

"ओनुकीसान! कुठे आहात?"

"खिंडीतल्या नूडलवाल्याकडे. खेकड्याचं मोठं वाडगं घेतलंय. घाईत निरोप देऊ नये माणसाने."

"गाडी कुठे आहे?"

"दारात आहे. ड्रायव्हर दुसरं वाडगं खातोय. का?"

"सत्याऐंशी खोकी परत आणायची आहेत. बांधकाम अकरा. चाळणी चुकली."

मग एवढा आनंद मी त्या माणसाच्या आवाजात कधी ऐकला नव्हता. "म्हणजे," ते सावकाश म्हणाले, "कायम?"

"चार वर्षं."

"मी काय म्हणत होतो? काय म्हणत होतो मी?" आणि फोनवरच ड्रायव्हरला ओरडून सांगायला लागले, "अहो, पुरावा! पुरावा निघाला!"

संध्याकाळी पाचला खोकी परत आली. मी एकेक उतरवून घेतलं. सत्याऐंशीच्या सत्याऐंशी चिठ्ठ्यांवर माझं अक्षर. चारचा पाय लांबवायची माझी सवय. शोवा ४१ म्हणून मी ज्यांना लगद्याला पाठवत होते त्या चिठ्ठ्या मीच लिहिल्या होत्या, आणि माझ्या जन्माआधीच्या म्हणून खुशाल शिक्के घेऊन बसले होते.

आज सकाळी लोणच्याचे आभार मानायला यासुएसानना फोन केला. त्या म्हणाल्या, "मी यांना म्हटलं, अहो, दोन ओळी लिहा की. इतका महत्त्वाचा कागद लोणच्याला कुणी गुंडाळतं का? तर म्हणाले, बरणी हमखास उघडेल ती. आणि ओळी कशाला? तिला वाचता येतं."

फोन ठेवल्यावर मी तळघरात गेले आणि त्या खिडकीपाशी बसून रडले. तुमचं ताट मीच खाल्लं होतं, मिकुरियासान. सगळे गेल्यावर, एकटीने, तुमच्या जागेवर बसून. चव मुळीच कळली नाही. माफ करा. ताटाबद्दल, आणि त्या वाक्याबद्दल.

तोमोए


१ एप्रिल

मिकुरियासान,

काल उपमहापौरांसमोर पाचही शिक्केवाल्यांना बोलावून मी सगळं सांगितलं. ज्या नियमाचा मला अभिमान होता तो नियम, माझं अक्षर, गाडी, नूडल, सगळं. गप्प बसता आलं असतं. खोकी परत आली होती आणि ओनुकीसान म्हणाले होते की ते ही गोष्ट 'कायम' पोटात ठेवतील. पण त्यांच्या पोटाचा भरवसा मी नूडलपुरताच धरते.

उपमहापौरांनी यादी उचलली, वासावरून लोणचं ओळखलं, आणि शिक्के निरखत बसले.

"हे पाचही शिक्के छान वाकलेत," म्हणाले. "आणि हा उलटा कुणाचा?"

"मिकुरियासानांचा."

"म्हणजे हा कागद वाचला तो एकानेच. आणि तो इथे नोकरीलाही नाही."

पाचही जण आपापल्या बुटांकडे बघत होते. मी म्हटलं की चाळणी बंद करायची असेल तर करा. ते म्हणाले, "बाराशेतली अकराशे तेरा खोकी तिने बरोबर निवडली ना? मग चाळणी राहील. तिला वाचायला शिकव."

ते काम सुरू केलंय. '३१ च्या वर म्हणजे शोवा' ही ओळ मी स्वतः पुसली. आता नुसता आकडा दिसला की चाळणी ठरवत नाही, पिवळी चिठ्ठी काढते : 'खोकं उघडून बघा.' त्याखाली एक नवी जागा आहे, तिथे तुमच्या वहीतलं टिपण येतं. हे का ठेवलं, कुणासाठी ठेवलं. रोज वीस पानं उतरवते. चौथ्या पानावर तुम्ही एका बादलीबद्दल काहीतरी लिहिलंय, ते मात्र खरंच वाचता येत नाही.

बांधकाम खात्याची माणसं करार घेऊन सुगिदानीला जाऊन आली. भिंतीला आजच टेकू लावलेत.

माझ्या खुर्चीबद्दल उपमहापौर एवढंच म्हणाले, "चुकलीस ती तू, सांगितलंस तेही तू. मिटवणं माझ्या हातात नाही. मिकुरियाचा शिक्का आला तर खुर्ची तुझी, नाही आला तर करखाता. दहा तारखेपर्यंत थांबतो." न्याय्य आहे. मीही असंच म्हटलं असतं.

सोपवणीचा कागद तुमच्याकडेच आहे. त्यावरचा माझा शिक्का तीन वर्षांपूर्वीचा आहे, सरळ, ताठ, तुमच्या डोळ्यात डोळे घालून बघणारा. तो आता पुसता येत नाही. म्हणून सोबत एक कोरा कागद पाठवतेय. त्याच्या डाव्या बाजूला माझा नवा शिक्का आहे. इतका वाकवलाय की जवळजवळ आडवा पडलाय. हा सोपवणीसाठी नाही. हा तुमच्यासाठी आहे. कागद लोणच्याला वापरलात तरी चालेल.

तोमोए


९ एप्रिल

मिकुरियासान,

दुपारच्या टपालाने सोपवणीचा कागद आला.

मी पाकीट लगेच उघडलं नाही. आधी चहा केला. मग ओनुकीसान येऊन उभे राहिले, ते काही हलेनात, म्हणून उघडलं.

उजव्या चौकोनात तुमचा शिक्का आहे. उलटा नाही. पण सरळही नाही. मला आधी वाटलं हात थरथरला असेल. मग आठवलं की तुम्ही अडतीस वर्षं पट्टी लावून शिक्के मारलेत. मी पट्टी लावून बघितलं. तो डावीकडे वाकलाय, माझ्या त्या ताठ उभ्या शिक्क्याकडे. वरच्याने खालच्याकडे वाकायची रीत आपल्याकडे नाही. असा शिक्का मी या इमारतीतल्या एकाही कागदावर पाहिलेला नाही, आणि आता सगळे कागद माझ्या डोळ्यांखालून गेलेत.

ओनुकीसान कागदावर वाकले. मग म्हणाले, "हा किती वर्षं ठेवायचा?"

नियमाप्रमाणे सोपवणीचा कागद पाच वर्षं. चाळणीनेही तेच सांगितलं. पण टिपणाच्या जागेत मी माझ्या हाताने 'कायम' लिहिलंय, आणि तारीख या वेळी युगाच्या नावासकट.

शुक्रवारी, अठरा तारखेला, संध्याकाळी सहाला बंदरावरच्या त्याच खानावळीत जेवण आहे. मालकिणीने विचारलं, निमित्त काय? मी सांगितलं, तीन वर्षांपूर्वीचा निरोप राहिलाय. हंगामातला पहिला मासा ठेवायला सांगितलाय. यासुएसाननाही आणा, चौथ्या पानावरच्या बादलीचं काय झालं तेही सांगा. आणि पावणेसहालाच या. तुमचं ताट समोर आलं की मी शेजारी बसणार आहे, आणि मला फार भूक असते.

तोमोए कुरोइवा
प्रमुख, दस्तऐवज विभाग